एका घरातली चार डोकी

(नाशिकमधील एका महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मघाशी चहाच्या वेळी तिघी जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, शाम्पू कुठला वापरू?" उत्तर देण्याआधी मी त्यांच्या केसांकडे पाहिलं. एकीचे केस सरळ, पातळ आणि मुळाशी तेलकट. दुसरीचे दाट, लाटा असलेले. तिसरीने आपले कुरळे केस पिना लावून इतके चापून बसवले होते की कपाळाच्या कडेची कातडी ताणलेली दिसत होती. तिघींना मी एकच नाव सांगितलं असतं, तर निदान दोघींचं नुकसान केलं असतं.

नाशिकमध्ये पार्लर चालवायला लागून मला २२ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त केस कशाने बिघडलेले पाहिले असतील, तर या एका सवयीने. न्हाणीघरात एक बाटली, कपाटावर तेलाचा एक डबा, आरशाजवळ एक कंगवा, आणि घरातली चारही डोकी त्याच्यावर. आजीचे केस वेगळे, सुनेचे वेगळे, नातीचे तर दोघींहून वेगळे. दोन सख्ख्या बहिणींचे केससुद्धा सारखे नसतात. चपला आपण प्रत्येकाच्या पायाच्या मापाने घेतो, मग डोक्यालाच एक माप का लावतो?

आपला केस ओळखायचा कसा? येत्या रविवारी न्हाल तेव्हा नंतर काहीच करू नका. तेल नाही, कंडिशनर नाही, कंगवा नाही, ड्रायर नाही. केस आपसूक वाळू द्या आणि मग आरशासमोर उभ्या राहा. तेव्हा दिसतात ते तुमचे केस. बऱ्याच जणींना तिशी-चाळिशीत पहिल्यांदा कळतं की आपले केस सरळ नाहीतच, त्यांना छान लाट आहे. रोज कोरडे विंचरून विंचरून ती मोडत होती. मग एक केस बोटांच्या चिमटीत धरून फिरवा. तो बोटांना जाणवला तर केस जाड, जाणवलाच नाही तर पातळ. पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे बघायची एक चाचणी मोबाइलवर फिरत असते. तिच्यावर विसंबू नका. केसाला थोडं तेल असलं किंवा हवेचा बुडबुडा चिकटला, तर कुणाचाही केस तरंगतो.

केस ज्या पिशवीतून उगवतो, ती गोल आणि सरळ असली की केस सरळ येतो. ती चपटी आणि वाकलेली असली की केस वळत वळत बाहेर पडतो. डोक्याची कातडी तेल सोडते. सरळ केसावरून ते घसरगुंडीवरून उतरावं तसं खाली येतं, कुरळ्या केसात मात्र प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून सरळ केसांची मुलगी दुसऱ्याच दिवशी तेलकट दिसते आणि कुरळ्या केसांच्या मुलीची टोकं कायम कोरडी राहतात. यात कुणाची हयगय नाही, आळस नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण माझेही केस कुरळे आहेत. शाळेत जायच्या आधी आई कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. मी रडायचे, तीही वैतागायची. तिला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं. आणि शब्द तरी कसले ऐकायचे! झिंज्या, टोपलं, कावळ्याचं घरटं. सरळ केसांच्या मुलीला हे ऐकावं लागत नाही. मुलगी बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी केस 'नीट करून द्या' म्हणत किती आया माझ्याकडे आल्या आहेत! त्या केसांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांना फक्त पाणी आणि ओलावा हवा होता.

कुरळे केस कोरडे असताना विंचरूच नका. धुताना कंडिशनर लावा, केस निसरडे झाले की रुंद दातांचा कंगवा घ्या आणि टोकापासून सुरुवात करा. आधी शेवटची चार बोटं सोडवायची, मग त्याच्या वरची चार बोटं, असं करत मुळाकडे जायचं. सरळ केसांचं मात्र उलट. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो, म्हणून त्यांनी गुंता न्हाण्याआधीच कोरड्या केसांतून काढावा. पुसायलाही जाडा टर्किश टॉवेल नको. घरातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या. त्यात केस दाबून पाणी टिपा, खसाखसा चोळू नका.

कुरळ्या केसांना आकार धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच आहे. जवसाची चटणी आपण करतोच. त्याच जवसाचे दोन मोठे चमचे दोन कप पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागतं. ते गरम असतानाच गाळा, निवल्यावर गाळता येत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. न्हाल्यावर केस निथळत असतानाच हे लावायचं, टोकं खालून वर मुठीत चुरगाळायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस थोडे कडक लागतील. मग खोबरेलाचा एक थेंब तळव्यांवर पसरून पुन्हा हलकेच चुरगाळा, कडकपणा जातो आणि वळण राहतं.

आता या दोन बाटल्या बघा. या बाटलीत माझ्या घरच्या नळाचं पाणी आहे, गंगापूर धरणाचं. या दुसरीत पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीच्या बोअरचं. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस घातलाय. हलवते. मागे बसलेल्यांनाही दिसत असेल, इथे फेस वर आला आणि इथे नुसतं गढूळ पाणी, वर दह्यासारखा साका. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी मिळून हा चिकट साका करतो, आणि तोच केसांवर बसतो. पंचवटीतून नव्या वसाहतीत राहायला गेल्यावर 'केस एकदम राठ झाले' म्हणणाऱ्या बाईला मी पहिल्यांदा विचारते, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?

म्हणून अंगाचा साबण डोक्याला लावू नका. शाम्पूने हा साका होत नाही, कारण त्यात फेस आणणारा पदार्थ साबण नसतो. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस त्यांच्यातल्या सॅपोनिन या नैसर्गिक पदार्थाचा, त्यांनीही हा साका होत नाही. शिकेकाई पाण्यात उकळून, दोनदा गाळून फक्त पाणी घ्या. कुरळ्या केसांत तिची पूड गेली की दोन दिवस निघत नाही. बोअरचंच पाणी असेल, तर शेवटी लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ते टोकांवरून सोडा आणि वरून साधं पाणी घ्या. लिंबू थेट डोक्याच्या कातडीवर चोळायचं नाही, आग होते.

तेलाबद्दल आज्यांचं एक म्हणणं खरं ठरलं आहे. न्हाण्याआधी खोबरेल लावावं असं त्या सांगायच्या. २००३ साली रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं, ते कमी करणारं तिन्हींत एकच निघालं, खोबरेल. त्यातल्या लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो. पण तेलाने केस उगवतात असं मात्र नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. म्हणजे आज इथे बसलेल्या काहीजणींच्या वेणीचं टोक करोनाच्या दिवसांत उगवलेलं असेल. इतकं ऊन, इतकी धूळ, इतक्या धुण्यांतून ते गेलंय. तेल आणि कंडिशनर त्या टोकाला हवं, शाम्पू मुळाला. आपण नेमकं उलट करतो. आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवूच नका. कोंड्यामागे जी बुरशी असते, तिचं खाणं म्हणजे तेलच.

सरळ, पातळ केसांना काय करायचं? सुती साडी आठवा. पाणी शिंपडून इस्त्री केली की ती कडक, सरळ राहते आणि पावसात भिजली की पुन्हा चुरगळते. केसाचंही तसंच. पाण्याने त्याच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात तो असेल, त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून किंचित ओलसर केसांची सैल वेणी घालून ती वाळू दिलीत, तर सकाळी विजेशिवाय लाटा मिळतात. तिपेडी वेणीने मोठ्या लाटा, पाचपेडीने बारीक. सागरवेणी घातली तर लाट मुळापासून येते. आणि पावसाळ्यात त्र्यंबकला जाऊन आलात की हे सगळं उतरतं, कारण हवेतलं पाणी ते बंध पुन्हा सोडवतं.

स्ट्रेटनरबद्दल मात्र कळकळीने सांगते. मी शिकाऊ होते तेव्हा घाईत एका मुलीच्या अर्धवट ओल्या केसांवर तो फिरवला. चर्र आवाज आला, वाफ निघाली. केसाच्या आतलं पाणी उकळतं आणि केसात बुडबुडे होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आठवड्याभरात तिचे केस मधूनच तुटायला लागले. ती मला काही बोलली नाही, पण मी ते विसरलेले नाही. केस पूर्ण कोरडे असल्याशिवाय स्ट्रेटनर हातात घेऊ नका. आणि 'घरच्या घरी केराटिन' म्हणून मिळणारी क्रीम तर नकोच. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद आली. ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या क्रीमने तिने तीनदा केस सरळ करून घेतले होते आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती.

काळ्या मेंदीबद्दल चिठ्ठी आली आहे. मेंदी काळी नसते. काळी म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा, खाज किंवा पुरळ आलं तर ती डोक्याला लावायची नाही. दुसरी चिठ्ठी डेंग्यूनंतर केस गळतात म्हणून. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभर गळतात आणि बहुतेकींचे पुढच्या काही महिन्यांत परत येतात. गळणं थांबलं नाही, तर तेल बदलू नका, डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

शेवटी एका मुलीबद्दल बोलायचंय. निफाडकडच्या एका गावातून एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी नऊ वर्षांची, कुरळे, दाट केस. टायफॉइडने दीड-दोन महिने अंथरुणाला होती, केसांना कुणी हात लावला नव्हता. मानेवर नारळाएवढा गोळा. रोज माणसाचे ५० ते १०० केस गळतात. ते विंचरून गुंतवळात निघाले नाहीत, की उरलेल्या केसांत अडकून नमद्यासारखे घट्ट बसतात. बाकी जट म्हणजे काही नाही. पण गावात कुणीतरी म्हणालं होतं, देवीची जट आहे, कात्री लावू नका. आजी घाबरलेली होती आणि तरी आली होती, मला त्याचंच मोठं वाटलं.

पुण्यातल्या नंदिनी जाधव, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, यांनी शेकडो बायकांना समजावून त्यांच्या जटा कापून दिल्या आहेत. त्याही मूळच्या ब्युटी पार्लरच्या व्यवसायातल्या. वर्षानुवर्षांच्या जटेचं ओझं मानेला सोसवत नाही, आत जखमा होतात, तिथे कापण्यावाचून इलाज नसतो. या मुलीची जट कोवळी होती. मी आजीला म्हटलं, कात्री बाजूला ठेवते, तुम्ही शेजारी बसा आणि बघा. खोबरेल आणि कंडिशनरने गोळा भिजवला आणि विणकामाच्या सुईने कडेपासून एकेक बट सोडवत गेले. तीन दिवस, रोज तीन-चार तास. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने माझ्या हातातून सुई घेतली आणि स्वतः सोडवायला लागली. शेवटी नख भिडेल एवढीच गाठ उरली, तेवढी कापली. बाकीचे केस पाठीवर मोकळे झाले. मुलीने मान इकडून तिकडे वळवून पाहिली. जाताना आजीने टेबलावरचा रुंद दातांचा कंगवा मागून घेतला.

तसाच कंगवा मी आज आणलाय, पंचा आहे आणि जवसाचं जेलही आहे. मघाच्या पिना लावलेल्या ताई, तुमची तयारी असेल तर या खुर्चीवर बसा. आधी पिना काढूया.