घंगाळात मनीप्लँट : नाशिकचा भांडी बाजार

रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला हात जोडायचे आणि सराफ बाजाराच्या दिशेनं खाली उतरत जायचं. गाडी लावायला जागा मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, चालतच या. उतार गोदावरीकडे आहे म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही, आधी सोन्याचांदीची दुकानं लागतात, पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी पिवळंधमक पितळ डोळ्यावर यायला लागलं की समजायचं, भांडी बाजार आला.

एकेकाळी इथं भांडी घडायची, आज मुख्यतः विकली जातात. आता जुन्या औद्योगिक भागाचं शॉपिंग सेंटर झालं म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. लोअर परळचं फिनिक्स, मूळची 1905 ची कापडगिरणी, आज तिथं मॉल. तिथं निदान एक तारीख तरी सांगता येते, 18 जानेवारी 1982, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढचं सगळ्यांना माहितीय. आपल्या नाशकात तसं काही झालंच नाही ना! संप नाही, टाळेबंदी नाही, कुठला आर्किटेक्ट येऊन प्लॅन मांडून गेला असंही नाही. इथं फक्त स्टील आलं.

त्याआधी काय होतं ते बघू. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, नावातच सगळं आलं. तांबट आणि कासार ही मंडळी पिढ्यानपिढ्या या कामात, 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येसुद्धा इथल्या तांब्यापितळेच्या कामाची दखल आहे. कारखाना म्हणजे शेड आणि भोंगा असलं काही डोळ्यासमोर आणू नका, पुढे दुकान, मागे किंवा माडीखाली काम, असा सगळा प्रकार. तांब्याचा पत्रा घ्यायचा आणि ठोकायचा, ठोकता ठोकता तो कडक होत जातो, तसाच पुढे ठोकला तर चीर जाते, म्हणून मध्ये भट्टीत लाल करायचा, पाण्यात घालून थंड करायचा, की परत मऊ, परत ठोकायला घ्यायचा. शेवटी अख्ख्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके, त्याला मठारकाम म्हणतात. ते ठोके नुसते दिसायला नाहीत हं, त्यानं पत्र्याला ताकद येते आणि भांडं लवकर चेपत नाही. आज ऑनलाइन जी 'हॅमर्ड फिनिश' पाण्याची बाटली विकतात तिच्यावरचे ठोके बऱ्याचदा मशीनचे असतात, बोट फिरवून बघा, हातानं ठोकलेल्यात थोडं तरी उन्नीसबीस सापडतंच.

मग घराघरात स्टील आलं. हलकं, आतून कथलाचा थर द्यायची म्हणजे कल्हईची कटकट नाही, चिंचेनं घासायचं नाही, आणि ज्या बाईला रोज ढीगभर भांडी घासायची असतात तिनं स्टील निवडलं तर तिला नावं कोण ठेवणार? मी तरी नाही ठेवणार. हंडा गेला, नळ आला. बंब गेला, गीझर आला. अंघोळीचं पाणी काढायच्या घंगाळाचं तर कामच संपलं. मागचे हातोडे हळूहळू थंडावले, तयार माल बाहेरून यायला लागला, मुरादाबादची पितळी मूर्ती आणि इथली समई एकाच फळीवर बसली.

आणि खरी गंमत इथून पुढे आहे. जे भांडं घरातून मोडीत निघालं तेच आता शोपीस म्हणून परत घरात येतंय. घंगाळात मनीप्लँट. बंबाचा लॅम्प. पाणी तापवायच्या हंड्यावर काच ठेवून हॉटेलात टेबल. आजी ज्या काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची त्या वाटीला आता वेलनेस म्हणतात आणि तिचं मशीनसुद्धा निघालंय, पाय ठेवा, बटण दाबा. भांडं तेवढंच, वजन तेवढंच, फक्त त्याची नोकरी गेली आणि त्याला कला म्हणायला लागले. घंगाळाला रोजचं काम होतं तेव्हा कुणी त्याचा फोटो काढत नव्हतं.

जुनी भांडी बघताना एक गोष्ट नक्की करा, काठावरची नावं वाचा. आपल्याकडे भांडं दिलं की नाव घालायचं, पूर्वी छिन्नीनं एकेक ठिपका ठोकून, आता घर्रर्र करत छोट्या मशीननं दोन मिनिटांत. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट', खाली तारीख, गावाचं नाव. मोडीच्या ढिगात असे कितीतरी मामा पडलेले असतात. आणि मग कोणीतरी डेकोरेटर तो हंडा उचलतो आणि भलत्याच कुणाच्या मामाची भेट कुठल्यातरी फ्लॅटच्या एन्ट्रन्सला जाऊन बसते. चूक आहे असं नाही म्हणत मी, वितळण्यापेक्षा बरंच की, पण वाचताना जरा कसंतरी होतं.

अर्थात बाजार काही नुसता शोकेस झालेला नाही. लग्नसराईत या, रुखवताची खरेदी, ताम्हण, पळी-पंचपात्र, कळश्या, एका काउंटरवर तीन पिढ्या भांडतायत. 'मोड आहे का काही?' हा प्रश्न अजून ऐकू येतो, जुनं पितळ द्या, वजन करा, नव्या भांड्याच्या किमतीत वळतं करा. एक्स्चेंज ऑफर म्हणून जे टीव्हीवर ओरडून सांगतात ते इथं कधीपासून चालू आहे. खाली रामकुंडावर येणारे भाविक गोदेचं पाणी न्यायला गडू घेतात, आणि सिंहस्थात तर विचारूच नका. पावसाळ्यात मात्र इथल्या दुकानदारांचं अर्धं लक्ष नदीकडे, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून इथं पुराचा अंदाज घेतात, तिच्या छातीला पाणी लागलं की खालच्या फळ्या रिकाम्या करून माल माळ्यावर. ऑगस्ट 2016 चा पूर या गल्ल्यांनी बघितलाय.

या भागात हेरिटेज वॉक करा, भिंती रंगवा, कॅफे काढा अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. काढा की कॅफे, चहा आम्हीपण पिऊ. पण मला विचाराल तर आधी कल्हईवाल्याला एक चांगली जागा द्या, भट्टी, धूर बाहेर जायला वाट, पाण्याचा नळ. कारण कल्हई बघायला लोक आजही थांबतात. भांडं तापलं, नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर, त्यात कथलाचा तुकडा फिरवला, बोळ्यानं पुसला आणि काळंकुट्ट भांडं आतून चांदीसारखं. कथील 232 अंशाला वितळतं म्हणून हे इतकं झटपट होतं.

तर येणार असाल तर सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या या, दुपारनंतर गर्दीत हलता येत नाही. भाव किलोवर असतो, त्यामुळे भांडं हातात घेऊन वजन बघा, पत्रा पातळ असेल तर लगेच कळतं. आणि स्वयंपाकाला घेत असाल तर आतून कल्हई आहे का ते विचारा, नसेल तर करून घ्या, नुसत्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवलीत तर ती कळकणार.