शुक्रवारचा फॅरेडे, रविवारचा फॅरेडे

मायकेल फॅरेडे म्हटलं की आपल्याला शाळेतलं मॅग्नेट, कॉइल आणि गॅल्व्हानोमीटरची हलणारी सुई आठवते. पण लंडनच्या बार्बिकन भागात पॉल्स ॲली नावाच्या गल्लीत एक साधंसं चर्च होतं, १८४० मध्ये तिथल्या मंडळीने, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांनी, त्याला वडील (एल्डर, उपासना चालवणारा पुढारी) म्हणून निवडलं आणि हा माणूस रविवारी तिथे संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला लागला.

पंथ सँडेमनियन, ख्रिस्ती धर्मातलाच, पण अगदीच छोटा. यांच्यात पगारी पाळक (धर्मगुरू) हा प्रकारच नव्हता, आठवडाभर आपापला कामधंदा करणाऱ्यांनीच उपासना चालवायची. रविवारी सकाळची उपासना, मग सगळ्यांचं एकत्र प्रीतिभोजन, की परत दुपारची उपासना, शिवाय आजाऱ्यांना गरिबांना भेटून येणं हेही वडिलांकडेच, म्हणजे सुट्टी अशी नाहीच.

आता शुक्रवार बघा. रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेत १८२६ पासून याने संध्याकाळची लेक्चर्स सुरू केलेली, हॉल भरलेला, समोर प्रयोग चाललेत, लोक खूश. आणि तोच माणूस रविवारी हातात छोटंसं कार्ड घेऊन उभा, त्यावर मुद्दे आणि बायबलचे संदर्भ, आणि बोलणं म्हणजे बहुतेक एकामागोमाग एक वचनं, स्वतःचं फार कमी. शुक्रवारचं लेक्चर ऐकून कोणी हौसेने तिथे गेला असता ना, तर हिरमुसलाच असता. मला वाटतं ते त्याने मुद्दामच केलं, तिथे त्याला गाजायचं नव्हतं. गणितज्ञ ॲडा लव्हलेसला १८४४ मध्ये पत्रात त्याने स्पष्टच लिहिलंय की माझ्या धर्मात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही.

त्याच वर्षी मंडळीने त्याला काही आठवडे बाहेरही काढलं! रविवारी राणीकडे जेवायला गेला म्हणून काढलं असा किस्सा लोक रंगवून सांगतात, पण त्याला पुरावा काही नाही, आणि तेव्हा इतरही बऱ्याच जणांना काढलं होतं, म्हणजे मंडळीतलाच काहीतरी वाद असणार. परत घेतलं खरं, पण वडीलपद तेव्हा गेलंच.

पुढे रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचं अध्यक्षपद चालून आलं, दोनदा, दोन्ही वेळा नाही म्हणाला. १८६० मध्ये, सत्तरीला टेकलेला, स्मरणशक्ती दगा देतेय, आणि मंडळीने परत वडील व्हा म्हटलं. त्याला मात्र हो म्हणाला, आणि १८६४ पर्यंत ते काम केलं.