बाजू दुसरी, गाणं पहिलं

[पडद्यावर: फिरणारी काळी तबकडी. सुई अलगद खाली येते, पण सुरुवातीच्या रेघांवर नाही. पार आत, लेबलच्या जवळ.]

सुई कुठे टेकवली, पाहिलंत?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या रेकॉर्डची ही दुसरी बाजू. मी वर्षानुवर्षं हेच करत आलो. माझ्याकडे रेकॉर्ड नव्हती, कॅसेट होती. बी साइड लावायची, फॉरवर्डचं बटण दाबून धरायचं, अंदाजानं सोडायचं. अजून थोडं पुढे. अरे, फार पुढे गेली, घे मागे. आणि मग एकदाची सापडायची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

या खटाटोपात दरवेळी एक गाणं चिरकत पळून जायचं. आठ मिनिटं एकवीस सेकंदांचं. 'द प्रॉफेट्स साँग'. माझ्या मते त्या रेकॉर्डवरचं सगळ्यात धाडसी गाणं हेच.

[पडद्यावर: १९७५, लंडन.]

ऑक्टोबर १९७५च्या शेवटी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिंगल म्हणून, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड म्हणून, बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसली. नोव्हेंबरात पूर्ण रेकॉर्ड आली. पुढे १९८१मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स' निघालं. त्याच्या ब्रिटिश आवृत्तीत सतरा गाणी. त्या सतरांत 'प्रॉफेट्स साँग' नाही. आपल्यापैकी बहुतेकांची क्वीनशी ओळख अशा निवडक गाण्यांच्या कॅसेटवरच झाली, त्यामुळे तिथे जे नाही ते आपल्या लेखी नाहीच.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे तुम्हाला ठाऊक असणार. क्वीनवरचं मराठी बोलणं पाचगणीपाशी सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथेच संपतं. आपण जरा पुढे जाऊ.

हे गाणं गिटारवादक ब्रायन मे याचं. महापुराचं स्वप्न पडलं, त्यातून ते सुचलं. सुरुवातीला वाऱ्याचा आवाज आणि तारांची किणकिण ऐकू येते. ती किणकिण खेळण्यातल्या कोटोची. कोटो म्हणजे जपानी तंतुवाद्य. एवढ्या प्रलयाच्या गाण्याला खेळणं वापरायचं, हे क्वीनलाच सुचावं!

पण खरी गंमत मध्यावर आहे. अचानक सगळी वाद्यं थांबतात. ढोल नाही, गिटार नाही, एकटा फ्रेडी. तो एक ओळ म्हणतो. टेपवर मुद्रित झालेली तीच ओळ काही क्षणांनी परत येते, तेव्हा तो पुढची ओळ गात असतो. मग दोन्ही ओळी मिळून तिसऱ्यांदा येतात. माथेरानच्या एको पॉइंटला आपण हाक मारतो आणि दरी तीच हाक परत देते ना? इथे फ्रेडी दरीला उत्तर देतोय, तेही सुरात. एक आवाज डाव्या कानात, एक उजव्या, एक मधोमध. एकाच माणसाचं सवाल-जवाब. आज फोनवरच्या ॲपमध्ये हे चुटकीसरशी होतं. तेव्हा टेप फिरवून करावं लागे, आणि गाणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी कधी येणार याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे.

[पडद्यावर: तबकडी उलटते. पहिली बाजू.]

पहिल्या बाजूवर आणखी एक दडलेलं आहे. नाव फक्त आकडा: '३९'. हेही ब्रायनचं, आणि रेकॉर्डवर गायलंयही त्यानंच. ऐकताना साधं लोकगीत वाटतं. या गाण्यात मोठा उभा डबल बास वाजव, असं ब्रायननं बँडचा बासगिटारवादक जॉन डीकन याला गमतीत सांगितलं. डीकननं ते मनावर घेतलं आणि खरंच शिकून वाजवला.

चाल लोकगीताची, गोष्ट मात्र अंतराळाची. काही जण नव्या भूमीच्या शोधात यानातून निघतात. त्यांच्या लेखी वर्षभरात परततात, तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली. मागे ठेवलेली माणसं केव्हाच गेलेली; मागे राहिलेल्या प्रियेचे डोळे तेवढे पुढच्या पिढीच्या चेहऱ्यावर उरलेले. वेगानं जाणाऱ्याचा काळ हळू सरतो, हे आइनस्टाइनचं गणित, पण आपल्याला अनोळखी नाही. पुराणातल्या रेवतीचे वडील, राजा ककुद्मी, तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेले. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं, म्हणून क्षणभर थांबले. तेवढ्यात खाली युगं सरली!

ब्रायनला हे सुचणं साहजिक होतं. तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सूर्याभोवतीच्या धुळीवर पीएचडी करत होता. बँडपायी प्रबंध अर्धवट राहिला, तो पूर्ण झाला २००७मध्ये. हा माणूस स्वतःच उशिरा परतला म्हणायचा.

'३९' पुढे 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'च्या सिंगलवर बी साइडला गेलं. बी साइड म्हणजे भरताड, असा आपला समज. पण सिंगल विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच रॉयल्टी मिळायची. ड्रमर रॉजर टेलरला हे पक्कं कळलं होतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागे आपलं मोटारीवरचं गाणं यावं म्हणून तो म्हणे कपाटात शिरून बसला आणि फ्रेडी हो म्हणेपर्यंत बाहेर येईना. गाणं मागे लागलं. पुढची बाजू जितकी विकली, तितकीच मागचीही. त्या पैशांवरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफुस चालली.

[पडद्यावर: पुन्हा दुसरी बाजू. सुई काठावर थांबलेली.]

आता इथे गाणं वाजवायला हवं होतं. वाजवलं तर कॉपीराइटमुळे हा व्हिडिओच उडेल. तेव्हा हे काम तुमचं. हेडफोन घ्या, डावा डाव्याच कानात, उलटसुलट नको. गाणं पहिल्यापासून लावा. साधारण साडेतीन मिनिटांनी वाद्यं थांबतील. फोन बिघडलेला नाही.

[सुई पहिल्या रेघेवर टेकते. फक्त खरखर. पडदा काळा.]