अकरा आकडे : पोलंडमध्ये उतरलेल्या युक्रेनियन कुटुंबाला मदत कशी पोहोचते

(दृश्य : प्शेमिश्ल रेल्वे स्थानक. गाडीतून उतरणाऱ्या बायका, मुलं, म्हातारी माणसं.)

पोलंडच्या आग्नेय टोकाला, युक्रेनच्या सीमेजवळ प्शेमिश्ल हे शहर आहे. युक्रेनमध्ये दोन रुळांमधलं अंतर १,५२० मिलिमीटर असतं, पोलंडमध्ये १,४३५. ल्विव्हकडून रुंद रुळांवरून आलेली गाडी त्यामुळे इथंच थांबते आणि पुढं जाण्यासाठी गाडी बदलावी लागते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि काही तासांत या फलाटांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. ६ मार्चला, एकाच दिवसात, युक्रेनमधून पोलंडमध्ये आलेल्यांची संख्या १ लाख ४० हजारांच्या वर गेली.

उतरणाऱ्यांत पुरुष फार थोडे होते. युक्रेनमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. त्यामुळे आली ती आई आणि मुलं, आजी आणि नातवंडं. पुढची सगळी कागदपत्रं, सगळ्या रांगा, घर शोधणं, नोकरी शोधणं हे एकट्या बाईवर येणार होतं, तेही कडेवर मूल घेऊन. मदतीची कुठलीही योजना तपासताना हे आधी लक्षात घ्यायला हवं. रांगेत चार तास उभं राहणं तिला जमेल का, यावरच पुष्कळदा योजना चालते किंवा अडते.

(दृश्य : मेडिका सीमा नाका. तंबू, गरम सूपची पातेली, स्वयंसेवकांची जाकिटं.)

पहिले दोन आठवडे सरकारी यंत्रणेच्या पुढं लोक धावत होते. मेडिकाच्या नाक्यापाशी स्वयंपाकघरं उभी राहिली. कारितास, पोलिश रेड क्रॉस, स्थानिक अग्निशमन दलं आणि चर्चमधली मंडळी ब्लँकेट आणि लहान मुलांचं दूध घेऊन पोहोचली. मोबाइल कंपन्यांनी मोफत सिमकार्डं वाटली, रेल्वेनं तिकीट माफ केलं. भारतातून शिकायला गेलेले वैद्यकीय विद्यार्थीही याच सीमेवरून पोलंडमध्ये आले आणि झेशूफच्या विमानतळावरून मायदेशी परतले.

या धांदलीत एक मोठा धोका होता. शेकडो गाड्या सीमेवर येऊन थांबत आणि "वॉर्साला सोडतो, राहायची सोय करतो" असं सांगत. त्यांतले बहुसंख्य चांगल्या मनानं आलेले होते. पण मानवी तस्करी करणाऱ्यालाही नेमकी हीच संधी लागते : एकटी बाई, लहान मूल, परकी भाषा. म्हणून स्वागत केंद्रांवर चालकांची नोंद सुरू झाली आणि निघणाऱ्या बायकांना तीन गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवा. पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला देऊ नका. अडचण आली तर ११२ फिरवा. नव्यानं येणाऱ्या कुणालाही आजही आम्ही सगळ्यात आधी हेच सांगू, पैशांचं नंतर.

(दृश्य : नगरपालिका कार्यालय. बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र, अर्जाचे गठ्ठे.)

आता कायद्याकडे वळू. ४ मार्च २०२२ ला युरोपीय संघानं तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश लागू केला. हा निर्देश २००१ सालचा. तो प्रत्यक्ष वापरण्याची ही पहिलीच वेळ. एकेकट्याच्या आश्रय-अर्जाची चौकशी न करता संपूर्ण समूहाला राहण्याचा, काम करण्याचा, उपचारांचा आणि शिक्षणाचा हक्क त्यातून मिळतो. पोलंडनं १२ मार्चला आपला विशेष कायदा केला आणि तो २४ फेब्रुवारीपासून लागू धरला.

त्या कायद्यात एक खोट होती. युक्रेनमधून थेट पोलंडमध्ये आलेल्यांनाच तो लागू होता. स्लोव्हाकिया, हंगेरी किंवा रुमानियामार्गे आलेल्या बाईची अवस्था तीच, पण हक्क नाही. मार्च संपायच्या आत दुरुस्ती होऊन ही अट गेली. मधल्या दिवसांत जे कार्यालयांतून परत पाठवले गेले, त्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

या साऱ्याची किल्ली म्हणजे पेसेल. पोलंडमधल्या प्रत्येक रहिवाशाला मिळणारा हा अकरा आकडी क्रमांक. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे असतात. २००० पासून जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवलेले असतात, म्हणजे मे महिन्यात जन्मलेल्या मुलाचा महिना २५ दिसतो. आईला ती चूक वाटते आणि ती घाबरते, चूक नसते. दहावा आकडा बाईसाठी सम, पुरुषासाठी विषम. युक्रेनियन निर्वासितांच्या नोंदीला 'युकेआर' असा दर्जा जोडलेला असतो, आणि भत्ते, शाळा, दवाखाना हे सगळं त्या दर्जावर अवलंबून असतं.

१६ मार्च २०२२ पासून ग्मिनांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांच्या कार्यालयांत ही नोंदणी सुरू झाली. नोंदणी मोफत असते. भरलेला अर्ज, ओळखीचं कागदपत्र आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचा एक फोटो लागतो. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतात. लहान मुलांनाही सोबत न्यावंच लागतं. 'मूल झोपलंय, उद्या आणते' म्हटलं की मुलाची नोंद राहून जाते आणि त्याचा भत्ताही.

ठशांची यंत्रं मोजकी, माणसं हजारोंनी. कार्यालयांबाहेर लोक पहाटेपासून उभे राहू लागले, तेव्हा वॉर्सात राष्ट्रीय क्रीडागाराचा भाग नोंदणीसाठी उघडला गेला. रांगेचा प्रश्न पुढं सुटला. नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न मात्र चिवट निघाला. युक्रेनियन पासपोर्टवर नाव रोमन लिपीत इंग्रजी वळणानं लिहिलेलं असतं आणि पोलिश कारकून कानाला येईल तसं पोलिश वळणानं लिहितो. नोंदणीत एक नाव, बँकेत दुसरं, मुलाच्या शाळेत तिसरं. संगणक या तिघींना एक बाई मानत नाही. म्हणून खिडकीवरून हलण्याआधी छापील कागदावरचं नाव पासपोर्टशी एकेक अक्षर लावून बघायचं आणि फरक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्यायचा. महिनाभरानं तीच दुरुस्ती तीन कार्यालयांत करावी लागते.

त्याच खिडकीवर 'प्रोफिल झाउफानी', म्हणजे सरकारी संकेतस्थळांवर चालणारी ऑनलाइन ओळख, मागून घ्यायची. त्यासाठी आपल्या स्वतःच्या नावाचा, चालू असलेला फोन क्रमांक आणि ईमेल द्यावा लागतो. इथं लोक स्वयंसेवकाचा नंबर लिहून मोकळे होतात. पुढं प्रत्येक वेळी येणारा खात्रीचा संदेश त्या स्वयंसेवकाच्या फोनवर जातो, आणि तो माणूस तोवर आपल्या नोकरीवर परतलेला असतो.

(दृश्य : बँकेची शाखा. मग फोनवर अर्ज भरणारी आई, शेजारी बसलेली स्वयंसेविका.)

ठरावीक क्रमानं गेलं तर पुढचं सोपं होतं. पेसेल, मग बँक खातं, मग भत्त्याचा अर्ज. प्रत्येकी ३०० झ्लॉटींची (झ्लॉटी हे पोलंडचं चलन) एकवेळची मदत स्थानिक समाजकल्याण केंद्रातून मिळे. मुलांचा मासिक भत्ता मात्र झूस, म्हणजे सामाजिक विमा संस्था देते. तो २०२२ मध्ये दर मुलामागे ५०० झ्लॉटी होता, जानेवारी २०२४ पासून ८०० झाला. अर्ज फक्त ऑनलाइन घेतात आणि पैसे फक्त पोलिश बँक खात्यात येतात. खाते क्रमांक २६ आकडी असतो. तो हातानं टाइप न करता बँकेच्या ॲपमधून उचलून चिकटवावा. क्रम उलटा केला, आधी अर्ज आणि मग खातं, की अर्ज अडकून पडतो.

सुरुवातीला युक्रेनियन नोटांचा प्रश्नही होता. ह्रिव्नियाचं मोल रोज डळमळत होतं, चलन बदलून देणारी दुकानं त्या नोटा घ्यायला तयार नव्हती. खिशात पैसे असून बायका पाव विकत घेऊ शकत नव्हत्या. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी करार केला आणि मार्चअखेर पीकेओ बँकेच्या शाखांत प्रत्येक प्रौढाला १०,००० ह्रिव्नियांपर्यंत नोटा बदलून मिळू लागल्या.

(दृश्य : कौटुंबिक न्यायालयाची पायरी. आजी आणि नातू.)

आजी नातवाला घेऊन आली असेल तर वाट वेगळी आहे आणि ती लोकांना फार उशिरा कळते. आईवडिलांशिवाय आलेल्या मुलासाठी, सोबत सख्खी आजी किंवा मावशी असली तरी, कौटुंबिक न्यायालयाकडून 'तात्पुरता पालक' नेमून घ्यावा लागतो. तो आदेश नसेल तर आजी भत्ता मागू शकत नाही आणि शस्त्रक्रियेच्या संमतीवर तिची सही चालत नाही. अर्जाला शुल्क नाही आणि न्यायालयानं तीन दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. आईनं लिहून दिलेलं संमतीपत्र जवळ असेल तर ते जरूर जोडावं, पण तेवढ्यावर कार्यालयं थांबत नाहीत. मूल ज्वरानं फणफणल्यावर हा अर्ज करायला धावण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात करावा.

(दृश्य : एका सदनिकेतलं स्वयंपाकघर. दोन कुटुंबं एका टेबलाशी.)

छावण्यांपेक्षा पुष्कळ जास्त लोक पोलिश घरांत राहिले. घरमालकाला सरकार दर पाहुण्यामागे दिवसाला ४० झ्लॉटी देई, आधी ६० दिवस, मग १२० दिवसांपर्यंत. रक्कम महिन्याने, ग्मिनेकडे अर्ज केल्यावर. पाहुण्याकडून भाडं घेणाऱ्याला हक्क नव्हता. त्या १२० दिवसांपुढं ही मदत फक्त अपंग, गरोदर, वृद्ध अशा काही गटांसाठीच मिळे.

हा काळ फार तुटपुंजा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार महिन्यांत परकी भाषा शिकून, नोकरी मिळवून, वॉर्सा किंवा क्राकूफमध्ये भाड्याचं घर मिळत नाही. मुलाला सांभाळणारं कुणी नसलेल्या आईला तर नाहीच. जिथं पाहुणे आणि यजमान टिकले, तिथं बहुधा पहिल्या आठवड्यातच वीज, धुण्याचं यंत्र, स्वयंपाकघराच्या वेळा आणि मुक्कामाची मुदत यांवर बोलणं झालेलं होतं, गरज पडल्यास भाषांतराचं ॲप मधे ठेवून. संकोचापोटी हे बोलणं टाळलं की दोन्हीकडे धुसफूस वाढते आणि एके दिवशी पाहुण्यांना निघावं लागतं.

मराठी माणसाला ही गोष्ट अगदीच परकी नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, तेही मुख्यतः बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडलं होतं. इराणमार्गे ते भारतात आले. त्यांच्यातल्या कित्येकांची गावं आज युक्रेनच्या नकाशावर आहेत. वळिवड्यात त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आज वॉर्सात उभं आहे.

(दृश्य : शाळेचा वर्ग. फळ्यावर पोलिश शब्द.)

शाळेत युक्रेनियन मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग काढले गेले : वर्गात जास्तीत जास्त २५ मुलं, आठवड्याला किमान सहा तास पोलिश. पण पहिली दोन वर्षं लाखो मुलं घरात बसून युक्रेनच्या शाळेचे ऑनलाइन वर्ग करत राहिली, कारण लवकरच परत जाऊ असं कुटुंबांना वाटत होतं. त्यांना पोलिश आलं नाही, मित्र मिळाले नाहीत. १ सप्टेंबर २०२४ पासून पोलिश शाळेत जाणं सक्तीचं झालं, आणि भत्ताही पुढं शाळेतल्या नावनोंदणीशी जोडला गेला. भत्ता थांबवण्याची धमकी हा चांगला मार्ग नाही. शाळेत युक्रेनियन बोलणारा सहायक असला की मूल टिकतं. त्या पदांवर आधी खर्च करायला हवा होता.

नव्यानं येणाऱ्यानं आणखी दोन मुदती सांभाळायच्या. सामूहिक निवासात १२० दिवसांनंतर खर्चाचा निम्मा भाग, दिवसाला कमाल ४० झ्लॉटी, आणि १८० दिवसांनंतर ७५ टक्के, कमाल ६० झ्लॉटी, स्वतः भरावा लागेल, असा नियम २०२३ मध्ये लागू झाला. दुसरी मुदत तीस दिवसांची. पोलंडबाहेर तीस दिवसांहून जास्त राहिलं की युकेआर दर्जा जातो. आजारी वडिलांना पाहायला गावी गेलेली बाई तिथं अडकून पडते, परतते तेव्हा भत्ता बंद आणि दवाखान्याच्या पडद्यावर नाव लाल, म्हणजे उपचारांचा हक्क नाही. म्हणून जाताना तिकिटं आणि शिक्क्यांचे फोटो जपून ठेवायचे आणि परतल्यावर दर्जा पूर्ववत झाला आहे ना, हे ग्मिनेत स्वतः जाऊन तपासायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडचे अध्यक्ष कारोल नावरोत्स्की यांनी मदतीची मुदत वाढवणाऱ्या कायद्यावर नकाराधिकार वापरला. सप्टेंबरमध्ये नवा कायदा झाला आणि मुलांचा ८०० झ्लॉटींचा भत्ता पालकाच्या नोकरीशी बांधला गेला. त्यानंतर आलेल्या आईनं कामाचा करार सही करताना एक गोष्ट मालकाकडून मागून घ्यावी : श्रम कार्यालयाला पाठवलेल्या ऑनलाइन सूचनेची प्रत. ती सूचना सात दिवसांत द्यायची जबाबदारी मालकाची आहे. ती गेलीच नाही, तर काम करत असूनही तिच्याकडे दाखवायला तो पुरावा राहत नाही.