पाय घसरायला नकोत

मित्रहो, पडद्यावर एक माणूस नीट चालवायचा कसा, एवढ्याच प्रश्नावर आज बोलणार आहे. पायगेममध्ये, म्हणजे पायथन भाषेत गेम लिहायच्या साधनसंचात, खिडकी उघडणं, चित्र लोड करणं तुम्हाला येतंच. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हलत नसतं. गेमचा लूप म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा. त्याच्या प्रत्येक फेरीत आपण पार्श्वभूमी पुन्हा रंगवतो, तिच्यावर माणूस नव्या जागी ब्लिट करतो, म्हणजे त्याचं चित्र तिथे उमटवतो, आणि शेवटी फ्लिप करतो, म्हणजे तयार चित्र पडद्यावर दाखवतो. पार्श्वभूमी रंगवायची राहिली, तर माणसामागे त्याच्याच प्रतिमांची शेपटी लागते. सेकंदाला ६० फेऱ्या म्हणजे एका फेरीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. म्हणून चित्रांच्या फाइली लूपच्या आधी, एकदाच वाचायच्या.

आता वेग. सुरुवातीला सगळे लिहितात: दर फेरीला २ पिक्सेल पुढे. ६० फेऱ्यांना माणूस सेकंदाला १२० पिक्सेल चालतो. फेऱ्या १४४ झाल्या की तोच २८८ पिक्सेल धावतो! १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेममध्ये ५५ परग्रही होते आणि दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, त्यांतला एकच सरकायचा. फौज पूर्ण असताना सगळ्यांचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद लागायचा. शेवटचा एकटा उरला की दर फ्रेमला पळत सुटायचा. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि मला ते फार मोठं कलाभान वाटतं. पण त्यांचं यंत्र ठरलेलं होतं. आपला गेम कुणाच्या कुठल्या लॅपटॉपवर चालेल, सांगता येत नाही. तेव्हा वेग घड्याळाला बांधा. पायगेमच्या घड्याळाचं, क्लॉकचं, टिक हे फंक्शन मागच्या फेरीपासून किती मिलिसेकंद गेले ते सांगतं. त्याला १००० ने भागा, १२० ने गुणा, तेवढे पिक्सेल सरका.

इथे एक खड्डा आहे. १४४ फेऱ्यांना दर फेरीचं सरकणं येतं ०.८३ पिक्सेल. पायगेमचा रेक्ट, म्हणजे चित्राची जागा आणि आकार सांगणारा आयत, पूर्णांकच ठेवतो, अपूर्णांक छाटून टाकतो. १०० मध्ये ०.८३ मिळवले तरी १००च. वजा केले की ९९. माणूस डावीकडे छान चालतो आणि उजवीकडे जागचा हलत नाही! जागा स्वतंत्र दशांश चलात साठवा, रेक्टला फक्त चित्र काढताना द्या.

आणि आता पाय. स्प्राइट शीटवर, म्हणजे माणसाच्या सगळ्या चित्रांच्या एकत्र फाइलवर, चालीची ८ चित्रं आहेत. बहुतेक जण दर १०० मिलिसेकंदांनी पुढचं चित्र लावतात. १२० च्या वेगाला ते शोभतंही. वेग निम्मा करा: पाय तितकेच भराभर पडतात, अंग मात्र रेंगाळतं. टेकलेला पाय जमिनीवरून मागे घसरतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

यावर माझा आग्रहाचा उपाय आहे. शीट मोठी करून बघा. टेकलेली टाच एका चित्रातून पुढच्या चित्रात किती पिक्सेल मागे जाते, ते मोजा. समजा १२. मग चित्र काळावर नाही, अंतरावर बदला. माणसाने कापलेलं अंतर साठवत जा, १२ ने भागा, पूर्णांक घ्या, त्याला ८ ने भागून उरलेली बाकी हा चित्राचा क्रमांक, ० ते ७. आता माणूस दमून हळू चालू दे, उतारावर पळू दे, टाच टेकली तिथेच राहते. भिंतीला अडकला की अंतर वाढत नाही, पायही आपोआप थांबतात. मात्र एक पाय हवेत ठेवून थांबू नये म्हणून उभं राहण्याचं चित्र वेगळं ठेवा, आणि थांबताच अंतर शून्यावर आणा.

शेवटचं, विंडोजवाल्यांसाठी. कुणी गेमची खिडकी माउसने धरून ओढली की लूप अडकून राहतो. सोडल्यावर टिक दोन-दोन सेकंद सांगतं आणि माणूस एकदम २४० पिक्सेल उडी मारून भिंतीपलीकडे जातो. एका फेरीचा काळ ०.०५ सेकंदाच्या वर जाऊच देऊ नका. त्यासाठी एक ओळ पुरते, दोनांतली लहान संख्या देणारं मिन वापरून, टिकच्या लगेच खाली.