न मिळालेला वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

बाराव्या शतकातला एक वसंत डोळ्यांसमोर आणा. आजच्या मंगोलियाच्या ईशान्येला ओनोन नावाची नदी आहे. तिच्या आसपासच्या गवताळ मुलखात एका टोळीनं पितरांना नैवेद्य दाखवला होता. मंगोलांचा आधीचा खान अंबघाई याच्या दोन विधवांनी हा विधी मांडला होता. होएलुन नावाची बाई तिथे पोचली, पण तिला उशीर झाला होता. नैवेद्याचे वाटे करून झाले होते आणि तिचा वाटा कुणी काढून ठेवला नव्हता.

होएलुन गप्प बसली नाही. माझा नवरा येसुगेई मेला म्हणून त्याची मुलं मोठी व्हायची राहणार आहेत का, असं तिनं विचारलं. आज आम्हाला वाटा दिला नाहीत, उद्या तळ हलवताना उठवणारसुद्धा नाही, असंही ती बोलली. आणि झालं तसंच. त्या मायलेकरांना मागे सोडून टोळीनं तळ हलवला.

वाळीत टाकणं हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकतात तो गावाच्या कडेला जातो, गाव जागचं हलत नाही. तिथे उलट व्हायचं. धनगरांचा वाडा जसा मेंढरांबरोबर मुक्काम बदलत जातो, तसे हे सगळेच लोक गुरं-घोड्यांमागे फिरत. त्यामुळे वाळीत टाकायचं म्हणजे गावानंच उठून जायचं. माणूस कालच्याच जागी बसलेला असतो, त्याच्याभोवतीचं गाव नाहीसं झालेलं असतं.

होएलुनची चार मुलं होती. थोरला तेमुजिन नऊ वर्षांचा, मग कसार सात, खाचिउन पाच आणि तेमुगे तीन वर्षांचा. मुलगी तेमुलुन अजून पाळण्यात होती. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचे बेख्तेर आणि बेल्गुतेई हे दोघे मुलगेही होते. येसुगेई तेमुजिनची सोयरीक जमवून घरी परतत होता. वाटेत तातार नावाच्या दुसऱ्या टोळीची मेजवानी चालू होती, तिथे तो थांबला. तातारांशी त्याचं जुनं वैर होतं, त्यांनी त्याला ओळखलं आणि विष घातलं. तीन दिवस घोड्यावर काढून तो घरी आला आणि गेला. तो गेल्याबरोबर त्याच्याच वंशाच्या तायचिउद लोकांना ही मायलेकरं जड झाली. हाताशी एकही धनुष्य नाही, खाणारी तोंडं मात्र सात-आठ, असं घर कुणाला ओढत न्यायचं असतं?

चराखा नावाचा एक म्हातारा अडवायला गेला. पाणी आटलं, दगड फुटला, असं उत्तर देऊन त्याच्या पाठीत भाला खुपसला. होएलुन स्वतः निशाण घेऊन घोड्यावर बसली आणि निघून चाललेल्यांतल्या निम्म्या लोकांना तिनं परत वळवलं. तेही टिकले नाहीत.

मंगोलांची स्वतःची एक जुनी बखर आहे, त्यातलं पुढचं वर्णन मला फार जवळचं वाटतं. ही बाई डोक्यावरची टोपी घट्ट बांधते, झग्यावर पट्टा आवळते आणि ओनोनच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला धावत राहते. जंगली सफरचंदं आणि रानचेरी वेचते. जुनिपरच्या टोकदार काठीनं कंदमुळं उकरते. रानकांदा, रानलसूण, लिलीचे कंद असं जे मिळेल ते रात्रंदिवस मुलांच्या घशाखाली उतरवते. थोडी मोठी झाल्यावर मुलं सुया वाकवून गळ करतात आणि नदीकाठी बसून आईसाठी मासे धरतात. ज्यांच्या बापाच्या दाराशी घोड्यांचे कळप असायचे, ती ही मुलं.

या मुलांना मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. एक मासा आणि एक चंडोल पक्षी यांवरून भांडण झालं, आणि तेमुजिन-कसारनं बेख्तेरला पुढून-मागून बाण मारून ठार केलं. सावत्र का होईना, भाऊच तो. आई फाडून खायला धावली. तुम्हाला सावलीवाचून सोबती नाही, घोड्याच्या शेपटीवाचून चाबूक नाही, आणि तुम्ही हे केलंत, असं ती म्हणाली. टोळीनं टाकलेल्या लेकराची परिस्थिती याहून नेमकी सांगणारं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

काही काळानं तायचिउद पुन्हा आले. पिल्लांना पंख फुटले असतील ही धास्ती त्यांना आणत होती. त्यांनी तेमुजिनला पकडलं, मानेत आणि हातांत लाकडी खोडा अडकवला आणि रोज रात्री वेगळ्या घरी ठेवायचा हुकूम सोडला. एका उत्सवाच्या रात्री सगळे प्यायले असताना त्यानं पहारेकरी पोराच्या डोक्यात तोच खोडा हाणला आणि पळाला. नदीच्या पाण्यात तो तोंडापर्यंत बुडून पडला होता. शोधणाऱ्यांतल्या एकाला तो दिसला. त्याचं नाव सोर्खान शिरा. त्यानं कुणाला सांगितलं नाही, पुढे निघून गेला.

हा सोर्खान शिरा सुलदुस कुळाचा होता. म्हणजे तायचिउदांच्या पदरी राबणारा, दुसऱ्यांच्या तळावर चाकरी करणारा. घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळणं हे त्याच्या घरचं काम. तेमुजिन अंधारात घुसळण्याच्या आवाजाचा माग काढत त्याच घराशी आला. याआधी एका रात्री त्याला त्या घरी ठेवलं होतं, तेव्हा सोर्खान शिराच्या दोन मुलांनी खोडा ढिला करून त्याला झोपू दिलं होतं. आता त्यांनी तो खोडा जाळून टाकला आणि त्याला मागच्या गाडीतल्या लोकरीच्या ढिगात लपवलं. त्यांची बहीण कदान त्याची देखभाल करू लागली. तिसऱ्या दिवशी झडती आली. शोधणारे लोकर उपसू लागले तेव्हा सोर्खान शिरा म्हणाला, या उकाड्यात लोकरीखाली माणूस तग धरेल का? ते निघून गेले. मग त्यानं मुलाला एक वांझ घोडी दिली, शिजवलेलं कोकरू दिलं, धनुष्य आणि दोन बाण दिले. खोगीर दिलं नाही. तुझ्यामुळे आमची राख उडाली असती, असंही सुनावलं.

श्रोतेहो, मला इथे थांबावंसं वाटतं. रक्ताचे लोक या मुलाच्या मागावर होते, आणि त्याला आसरा देणारे त्या तळावरचे सगळ्यात खालच्या पायरीवरचे लोक होते. टोळी, कुळ, वंश हे शब्द आपण सहज एका श्वासात म्हणून टाकतो. पण या तळांच्या आतही वरचे-खालचे होतेच, आणि खालच्यांना खोड्यातल्या मुलाचं दुःख लवकर कळलं. पुढे हा मुलगा चंगीझ खान झाला आणि त्यानं हाताखालच्या सरदारांची रचना केली, तेव्हा सोर्खान शिराचं घर तो विसरला नाही.

त्याहूनही मला ज्या गोष्टीचं मोल वाटतं ती होएलुनची आहे. तेमुजिनची माणसं एकेक शत्रू मोडत गेली आणि मोडलेल्या तळांवर लहान मुलं सापडत गेली. मेर्किदांच्या तळावर पाच वर्षांचा कुचू सापडला. डोक्यावर सेबलच्या केसाळ कातड्याची टोपी, पायांत हरिणीच्या पायांच्या कातड्याचे बूट, आणि नजर तेजस्वी. तातारांच्या तळावरच्या मुलाच्या नाकात सोन्याची कडी होती, अंगात सोनेरी कापडाची बंडी होती. त्याचं नाव शिगी खुतुखु. तायचिउदांकडून कोकोचू आला, जुर्किनांकडून बोरोखुल. पहिली दोन मुलं तरी गरीब घरची नव्हती. कपडे सांगतात की आदल्या दिवसापर्यंत त्यांचं घर भरलेलं होतं. एका दिवसात ती कुणाचीच राहिली नाहीत. चौघांनाही आणून होएलुनला भेट म्हणून देण्यात आलं.

बखरीत भेट हाच शब्द आहे, आणि तो मनाला लागतो. पण होएलुननं ती मुलं चाकर म्हणून ठेवली नाहीत. माझ्या मुलांना दिवसा बघणारे डोळे आणि रात्री ऐकणारे कान कुणाचे होतील, असं म्हणून तिनं त्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. कुचूच्या लोकांना, म्हणजे मेर्किदांना, या घराचा राग होता, कारण एके काळी खुद्द होएलुनलाच येसुगेईनं मेर्किद नवऱ्यापासून पळवून आणलं होतं. आणि तातार तर तिच्या नवऱ्याला विष घालणारे.

इथे कठोर गोष्ट सांगायलाच हवी. १२०२ मध्ये तातारांचा पाडाव झाला तेव्हा मंगोलांनी ठरवलं की चाक आसावरून निसटू नये म्हणून ठोकतात त्या खिळीशी पुरुषांना उभं करायचं. खिळीहून उंच भरेल तो कापायचा. खाली भरणारी पोरं वाचली आणि घराघरांत वाटली गेली. वाटली गेली, नैवेद्याच्या वाट्यांसारखीच. होएलुनच्या मायेची गोष्ट मी सांगतो, तेव्हा ती खीळ मला दिसत राहते. दोन्ही एकाच घराच्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकायला मी तयार नाही.

या कत्तलीतून निसटलेला एक तातार एके दिवशी भुकेला होऊन होएलुनच्या तंबूत आला. भीक मागायला आलोय म्हणाला. तसं असेल तर बस तिथे, असं ती म्हणाली. तेवढ्यात तेमुजिनचा पाच वर्षांचा धाकटा तोलुई धावत आत आला. तातारानं त्याला बखोटीला धरलं, बाहेर नेलं आणि सुरा काढला. तंबूत अल्तानी बसली होती, त्या जुर्किनांच्या तळावर सापडलेल्या बोरोखुलची बायको. ती धावली. एका हातानं तिनं त्या माणसाची वेणी पकडली, दुसऱ्या हातानं सुऱ्याचा हात असा हिसडला की सुरा खाली पडला. पलीकडे बैल कापणारे दोघे कुऱ्हाड घेऊन धावत आले. बोरोखुलनं स्वतः पुढे एका लढाईनंतर तेमुजिनचा मुलगा ओगेदेई याच्या मानेच्या जखमेतलं साकळलेलं रक्त रात्रभर तोंडानं शोषून काढलं. सकाळी परत आला तेव्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांतून रक्त ओघळत होतं.

शत्रूच्या तळावरची पोरं अशी घरची झाली. आणि घरात जन्मलेला एक जण मात्र शेवटपर्यंत पाहुणा राहिला. मेर्किदांनी होएलुनचा जुना सूड घेण्यासाठी तेमुजिनची बायको बोर्ते पळवली आणि त्यांच्यातल्या एकाच्या हवाली केली. तेमुजिननं तिला सोडवून आणलं, त्यानंतर जोची जन्मला. नावाचा अर्थ पाहुणा असा लावतात. १२१९ मध्ये मोठ्या मोहिमेआधी वारसाचा प्रश्न निघाला, तेव्हा सख्खा भाऊ चगताई बापासमोर म्हणाला, या मेर्किदाच्या पोराच्या हाताखाली आम्ही राहायचं? जोचीनं त्याची गळपट्टी धरली. चगताईला कोको चोस या म्हाताऱ्या सरदारानं समजावलं. तुम्ही जन्मायच्या आधी चांदण्यांचं आभाळच गरगरत होतं, कुणी अंथरुणावर पडत नव्हतं, सगळे एकमेकांना लुटत होते, तुझ्या आईचा यात काय दोष, असं तो म्हणाला. खान एवढंच म्हणाला की जोची माझा थोरला आहे, हे पुन्हा बोलायचं नाही. पण गादी ओगेदेईला गेली. जोची बापाच्या आधी वारला, आणि त्याच्या वंशातला कुणी महाखान झाला नाही.

आता थोडं मागे, १२०६ सालात येऊ. ओनोनच्याच उगमापाशी मोठी सभा भरली. सगळ्या टोळ्या एका निशाणाखाली आल्या होत्या आणि खान प्रत्येकाला त्याच्या सेवेचं फळ देत होता. शिगी खुतुखु, तो नाकात सोन्याची कडी घातलेला तातारांचा मुलगा, आता दाढी आलेला गडी झाला होता. बोओर्चू आणि मुकाली या खानाच्या जवळच्या सरदारांना मान मिळालेला पाहून तो पुढे झाला. पाळण्यात असल्यापासून तुमच्या उंबऱ्यावर वाढलो, हनुवटीवर दाढी आली, तुमच्या आईनं मला पायाशी निजवून मुलासारखा केला, कुशीशी निजवून तुमचा भाऊ केला, माझी सेवा का कमी पडली, असं त्यानं विचारलं. खानानं त्याला सगळ्या लोकांचा वरिष्ठ न्यायाधीश केलं. चोरी निवडायची, खोटं उघड करायचं, टोळ्यांच्या वाटण्या आणि निवाडे निळ्या वहीत लिहून ठेवायचे, आणि जे लिहिलं ते पिढ्यान्‌पिढ्या कुणी बदलायचं नाही. शिवाय नऊ अपराध माफ.

मग वाट्याचा विषय निघाला. तेव्हा शिगी खुतुखु म्हणाला, मी सगळ्यांत मागून आलेला भाऊ, बरोबरीचा वाटा कसा घेऊ? मर्जी असेल तर मातीच्या तटाच्या गावांतले लोक माझ्या वाट्याला द्या. खान म्हणाला, तुझं तूच मोजलंस, तूच ठरव.