चवथीच्या खोलीत कोणती लेन्स?

मंडळी, कॅमेऱ्याला दुसरी लेन्स घ्यायची म्हटली की सल्ला ठरलेला असतो: पन्नास एमएमची घ्या, एफ १.८ वाली, स्वस्त आहे. (एमएम म्हणजे फोकल लेंग्थ: आकडा मोठा तितकं दृश्य जवळ आणि अरुंद. एफ म्हणजे लेन्स किती उघडते: आकडा लहान तितका उजेड जास्त.) सल्ला खोटा नाही. फक्त देणाऱ्याने तुमच्या घराची लांबी विचारलेली नसते.

मघाशी हात वर झाले त्यावरून इथे बहुतेकांकडे एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे चित्र टिपणारी चिप मध्यम आकाराची असलेले, कॅमेरे आहेत. त्या सेन्सरची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर, कॅननमध्ये जराशी कमी. आता आपल्या गोव्यात गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली, काका-काकू, आते-मामे भावंडं उभी केली की ओळ सहज साडेतीन मीटरची होते. ओळीच्या रुंदीला फोकल लेंग्थने गुणा आणि सेन्सरच्या रुंदीने भागा, किती मागे सरायचं ते कळतं. पन्नासला साडेसात मीटर. म्हणजे खोली संपली, तुम्ही अंगणात, आणि भाद्रपदातला पाऊस डोक्यावर! पस्तीसला पाच मीटर लागतात. १८ वर मात्र पावणेतीन मीटरमध्ये सगळे मावतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या ज्या १८-५५ च्या झूमला (किट लेन्सला) सगळे नावं ठेवतात, तीच इथे उपयोगी पडते. ती विकू नका.

तिचं घोडं अडतं उजेडापाशी. ५५ वर ती एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर हिला शंभरावा पुरतो. आरतीत टाळ घेऊन नाचणारं पोर दहाव्या भागात कितीतरी हलतं. ‘पण माझ्या लेन्सवर व्हीआर लिहिलंय,’ असं कोणीतरी म्हणेलच. ते व्हीआर तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पोराच्या उड्या नाही.

म्हणून माझं मत असं: घरातली माणसं टिपायची असतील तर एपीएस-सीवर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ घ्यावी. कॅननवाल्यांना २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स मिळते. ती उजेडात थोडी कमी पडते, पण खोलीत जास्त सोयीची. पस्तीसने मीटरभर अंतरावरून १.८ वर फोटो काढलात तर जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, तेव्हा फोकस डोळ्यावरच धरा. पन्नासची लेन्स एकट्या माणसाच्या चेहऱ्याला उत्तम. ज्यांच्या घराला ऐसपैस राजांगण (घराच्या मधलं अंगण) आहे त्यांनी ती खुशाल घ्यावी.

निकॉनवाल्यांना आणखी एक सांगतो. डी ३५००, डी ५६०० अशा कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. दुकानदार जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स कमी किमतीत दाखवतो, ती बसतेही, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) लिहिलेलं पाहूनच पैसे द्या.

बाहेरच्या फोटोंसाठी फार खर्च करू नये. भर दिवसा एफ ८ वर स्वस्त आणि महाग लेन्समधला फरक फोनवर बघणाऱ्या मामाला कळत नाही. रायबंदरहून फेरीने चोडणला सलीम अली अभयारण्यात खंड्या टिपायला जाणार असाल तर ५५-२५० किंवा ७०-३०० ची झूम पुरे. सकाळचं ऊन मात्र गाठा, कारण कांदळवनाच्या सावलीत या लेन्स लगेच हात टेकतात. पावसाळ्यात ओल्या पानांची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर घ्या, त्यात एक-दोन स्टॉप उजेड जातो (दर स्टॉपला उजेड निम्मा) हे धरून. १८-३०० सारखी ‘एकातच सगळं’ वाली लेन्स मी सुचवणार नाही. ती पुन्हा खोलीतच अंधारी पडते, आणि तुमचे निम्मे फोटो खोलीतले असतात. पटत नसेल तर मागच्या वर्षीच्या फायलींमध्ये फोकल लेंग्थ बघा, कॅमेरा ती लिहून ठेवतो.

सेकंड-हँड लेन्स घेताना बॅटरी (टॉर्च) जवळ ठेवा. गोव्याच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. दोन्ही झाकणं काढून एका बाजूने उजेड मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं पाहा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर स्वस्तातही नको. निकॉनच्या ‘जी’ लिहिलेल्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र) कॅमेऱ्यातून काढल्यावर मिटतं, तेव्हा मागची छोटी तरफ बोटाने सरकवून बघा. आणि पात्यांवर तेल नसावं.

समोरच्या ताईंनी विचारलंय, ओल लागू नये म्हणून लेन्स तांदळात ठेवली तर? नको. पूड फटींत जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहू द्या. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ती ओल धरते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांपर्यंत तापवून पुन्हा वापरा.